बमाना स्त्रीमूर्ती: ही देवी नव्हे

दुकानातल्या चिठ्ठीवर 'आफ्रिकन प्रजननदेवता' लिहिलंय, म्हणून ही मालीतल्या बमाना लोकांची मातृदेवता आहे का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते नाही. तुमच्या फोटोतली मूर्ती उभी आहे, जवळ मूल नाही, धड काटकुळं, स्तन टोकदार, नितंब भरलेले, तळहात चपटे. ही घडण दक्षिण मालीतल्या 'जोन्येलेनी' मूर्तींची. ती दाखवते लग्नाच्या वयाची देखणी मुलगी. पोटावरच्या रेघा गोंदणाच्या नाहीत. कातडीवर मुद्दाम पाडून घेतलेले व्रण आहेत ते.

'जो' ही तरुणांना दीक्षा देणारी संस्था. अनेक वर्षांच्या तयारीनंतर, साधारण सात वर्षांतून एकदा दीक्षेचा सोहळा व्हायचा. मग पोरं गटागटाने आसपासच्या गावांत नाचत-गात फिरायची. त्यातला लोहारांच्या मुलांचा गट या मूर्ती बरोबर न्यायचा. तेल चोळून, मणी घालून, कापड नेसवून मूर्ती नाचाच्या जागी उभी करायची, नाहीतर हातात धरून नाचायचं. पोरं आता लग्नाची झाली, हे गावाने काय ते ओळखावं! कोरणारेही लोहारच, म्हणजे 'नुमू'. लोखंड आणि लाकूड घडवताना 'न्यामा' ही शक्ती मोकळी होते आणि ती पेलण्याची विद्या त्यांच्याच घराण्यांत असते, अशी श्रद्धा.

मूल होण्याशी थेट संबंध आहे तो दुसऱ्या प्रकारच्या मूर्तींचा, आणि खरं सांगायचं तर मला त्याच जास्त भावतात. बुगुनी आणि जोइला भागातल्या 'ग्वान' संस्थेच्या या मूर्ती मोठ्या, बसलेल्या, मांडीवर मूल घेतलेल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली अशी आई सुमारे चार फूट उंच आहे. तिच्याकडे नीट पाहा: डोक्यावर ताईत लावलेली टोपी, दंडाला बांधलेला सुरा. दोन्ही शिकाऱ्याच्या, म्हणजे पुरुषी पराक्रमाच्या खुणा, आणि त्या लेकुरवाळीच्या अंगावर! एरवी नजरेआड ठेवलेल्या या मूर्ती वार्षिक विधीला धुऊन, तेल लावून, सजवून बाहेर काढत. मूल होत नसलेल्या बायका ग्वानकडे येत. मूल झालं की जादा बळी देत आणि मुलाला मूर्तीचंच नाव ठेवत. तिथेही मूर्ती म्हणजे स्वतः देवी असं सरसकट म्हणू नये; ग्वानची ताकद डोळ्यांना दिसावी म्हणून ती मांडलेली.

जुळ्यांपैकी एक दगावलं तर त्याच्या जागी कोरतात ती मूर्ती आणखी वेगळी. ती जिवंत भावंडाजवळ राहते, त्याला जे मिळेल ते तिलाही मिळतं.

आता तुमच्या खरेदीचं. विकण्यासाठीच घडवलेल्या जोन्येलेनी बाजारात ढिगाने आहेत. पाठीचे आणि पायांच्या तळाचे जवळून काढलेले फोटो टाका. हात लागून आलेली झीज धरण्याच्या जागी जास्त असते. सगळीकडे एकसारखा काळा थर दिसला तर दुकानदाराला जुनेपणाचे पैसे देऊ नका.