गावाची गरज मंत्रालयापर्यंत जाते कशी?

सरकारी आरोग्य यंत्रणेबद्दल वाचकांची बरीच पत्रे आली. जिल्हा आणि राज्य यांच्यामध्ये काम नेमके कुठे अडते, याबद्दलचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या गावात उपकेंद्राची इमारत बांधून दोन वर्षे झाली, पण अजून कुलूप आहे. जिल्हा परिषद म्हणते, कर्मचारी मंत्रालयाने द्यायचे. मुंबईला चौकशी केली तर प्रस्तावच आला नाही म्हणतात. खरे कोण बोलते?
– सरपंच, सातारा जिल्हा

बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. उपकेंद्राची फाइल एक नसते, तीन असतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या टेबलांवरून जातात.

पहिली फाइल संस्थेच्या मंजुरीची. नवे उपकेंद्र राज्याच्या बृहत आराखड्यात, म्हणजे कुठे कोणती आरोग्य संस्था असावी याच्या राज्याच्या आराखड्यात, बसावे लागते. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० ला एक; प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच आकडे ३०,००० आणि २०,००० आहेत. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरतात. त्यामुळे गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढलेले गाव कागदावर लहानच राहते.

दुसरी फाइल बांधकामाची. पैसे बहुधा जिल्हा नियोजन समितीतून येतात. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि काम जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग करतो. ही फाइल जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरते, म्हणून ती आधी संपते आणि इमारत उभी राहते.

तिसरी फाइल पदनिर्मितीची, आणि कुलूप हिच्यामुळे आहे. जिल्हा आरोग्य अधिकारी प्रस्ताव करतात, तो परिमंडळाच्या (काही जिल्ह्यांच्या गटाच्या) उपसंचालकांकडून आरोग्य आयुक्तालयात आणि तिथून सार्वजनिक आरोग्य विभागात जातो. वित्त विभागाचे मत घेतले जाते, उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता लागते आणि मग शासन निर्णय निघतो. वाटेत कुठेही एक कागद कमी पडला, तर प्रस्ताव ‘त्रुटी’ म्हणून परत येतो. इमारतीचा ताबा घेतल्याची पावती, जागेचा सातबारा, वीज आणि पाण्याच्या जोडणीचा दाखला ही नेहमीची कारणे. त्रुटीचे पत्र जिल्ह्यात येऊन पडते आणि पूर्तता कोणी करायची यावर आरोग्य विभाग आणि बांधकाम विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात. मंत्रालयाच्या दृष्टीने तो प्रस्ताव परत गेलेला असतो, म्हणून ‘आलाच नाही’ असे उत्तर मिळते.

तेव्हा ‘आमचे उपकेंद्र सुरू करा’ असे निवेदन देत बसू नका. जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयात लेखी विचारा : पदनिर्मितीचा प्रस्ताव कोणत्या जावक क्रमांकाने, कोणत्या तारखेला गेला? त्रुटी निघाली का? पूर्ततेचे पत्र कधी गेले? या तीन ओळींचे उत्तर हातात असेल, तर आमदारांनाही नेमके कुठे बोलायचे ते कळते. तोपर्यंत शेजारच्या उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेने ठरलेल्या वारी तुमच्या इमारतीत लसीकरण आणि गरोदर मातांची तपासणी घ्यावी, असा आदेश जिल्हा पातळीवर निघू शकतो. त्याला मुंबईची परवानगी लागत नाही. ग्रामसभेचा ठराव जोडून ही मागणी आजच करा.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नसतात म्हणून जिल्हा परिषद सदस्यांकडे तक्रार केली. ते म्हणाले, ‘ते आमच्याकडे येत नाही.’ मग कोणाकडे येते?
– वाचक, धुळे जिल्हा

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची, त्यांचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय थेट राज्याचे, त्यांचे प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. तुमची तक्रार शल्यचिकित्सकांकडे जायला हवी. या दोन शिड्या जिल्ह्यात एकाच ठिकाणी भेटतात : जिल्हा एकात्मिक आरोग्य व कुटुंब कल्याण सोसायटीत. तिच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आरोग्य केंद्रातून पाठवलेली बाळंतीण रुग्णालयाने दाखल करून घेतली नाही, असे दोन्ही शिड्यांच्या मधले प्रश्न याच बैठकीत सुटू शकतात. म्हणून अशा तक्रारीची प्रत जिल्हाधिकाऱ्यांनाही द्या.

शहरात तिसरी शिडी येते. महापालिकेचे आरोग्य खाते आयुक्तांच्या हाताखाली, आणि महापालिका नगरविकास विभागाच्या अखत्यारीत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा हे ठळकपणे दिसले. बाधित भागात महापालिकेत नव्याने आलेली गावे होती. राज्याच्या रोजच्या पत्रकात पुणे महापालिका, समाविष्ट गावे, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण आणि इतर जिल्हे असे वेगळे रकाने करावे लागत होते. पाण्याचे नमुने एकाने घ्यायचे, घरोघरी सर्वेक्षण तिघांनी करायचे, रुग्णांचे नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे. अशा वेळी सगळ्यांना एका तक्त्यात आणणे हेच राज्याचे मोठे काम असते. हद्दीवरच्या गावात कोणाच्या यादीत कोणते घर हे साथ नसताना ठरलेले असले, तर साथीत दिवस वाया जात नाहीत.

प्रश्न : आमच्या गल्लीत आठ जणांना डेंग्यू झाला, खासगी प्रयोगशाळेचे अहवाल आहेत. सरकारी आकड्यात मात्र एकच रुग्ण दाखवला. ही लपवाछपवी नाही का?
– वाचक, नाशिक

संशय येणे साहजिक आहे, पण फरक बहुधा व्याख्येमुळे पडतो. खासगीत सहसा रॅपिड कार्डावर चाचणी होते. सरकारी नोंदीत तो रुग्ण संशयित धरतात. प्रयोगशाळेतली एलायझा ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, तरच डेंग्यू निश्चित. ती नेमून दिलेल्या सेंटिनल केंद्रांतच होते. ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचा अंश शोधणारी) आणि त्यानंतर आयजीएम (शरीरातली प्रतिपिंडे शोधणारी) चाचणी, असा नियम. सहाव्या दिवशीच्या रक्ताची एनएस-१ केली तर खरा रुग्णही निगेटिव्ह येऊ शकतो. नमुना २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवून पाठवायचा असतो. तो टेबलावर राहिला तर निकालावर भरवसा उरत नाही.

दुसरी गळती नोंदीत होते. साथरोगांची माहिती आता एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर तीन नमुन्यांत भरतात : आरोग्य सेविकेने लक्षणांवरून भरलेला ‘एस’, डॉक्टरांनी तपासून भरलेला ‘पी’ आणि प्रयोगशाळेचा ‘एल’. तुमच्या गल्लीतले आठ जण थेट खासगीत गेले. तिथून माहिती आली नाही, तर ‘एस’मध्ये ते नाहीत आणि ‘पी’मध्येही नाहीत. जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला गल्ली दिसतच नाही.

यावर उपाय तुमच्या हातात आहे. आठही रुग्णांची नावे, पत्ता, ताप आलेली तारीख आणि अहवालाची प्रत महापालिकेच्या विभागीय आरोग्य कार्यालयात द्या. तापाची तारीख सर्वांत महत्त्वाची, कारण साथ एकाच घराभोवती आहे की पसरते आहे हे तिच्यावरून कळते. मग घर निर्देशांक विचारा : १०० घरे पाहिली आणि १२ घरांत अळ्या सापडल्या, तर निर्देशांक १२. फवारणीनंतर आठवड्याने पुन्हा किती, हेही विचारा. धुराची गाडी मागण्यापेक्षा हा आकडा मागा. धुराने फक्त उडणारे डास मरतात, कूलरच्या ट्रेमधल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवडाभरात नवे डास तयार होतात. राज्याच्या हिवताप व जलजन्य रोग विभागाकडून पथके आणि अळीनाशक मिळवायचे, तरी जिल्हा आणि महापालिकेला याच आकड्यांचा आधार द्यावा लागतो.

प्रश्न : आम्ही दरवर्षी औषधांची मागणी ऑनलाइन भरतो, तरी पावसाळ्यात क्षारसंजीवनी संपते. वरून सांगतात, ‘तुमच्या वापरापेक्षा जास्तच दिले आहे.’ चूक कुठे होते?
– औषधनिर्माण अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र

चूक भागाकारात होते. ई-औषधी या औषधसाठ्याच्या ऑनलाइन प्रणालीतला वर्षभराचा वापर धरून पुढच्या वर्षाची मागणी काढली जाते. पण साठा शून्य असलेल्या महिन्यांत वापरही शून्यच नोंदला जातो. समजा, वर्षात ९०० पाकिटे वाटली आणि चार महिने साठा नव्हता. ९०० भागिले १२ म्हणजे महिन्याला ७५ असे दिसते. प्रत्यक्षात ती ९०० पाकिटे आठ महिन्यांतच गेली, म्हणजे महिन्याला ११२ ते ११३. वर्षाची खरी गरज १,३५० च्या आसपास. तुम्ही ९०० मागता, तेवढीच येतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा संपतात. तुटवडाच पुढच्या तुटवड्याला जन्म देतो.

म्हणून मागणीपत्रासोबत एक कागद जोडा : औषधाचे नाव, वाटलेली संख्या, साठा शून्य असलेले दिवस आणि दुरुस्त केलेली मागणी. दिवस प्रणालीतूनच काढता येतात, तोंडी अंदाज लिहू नका. पावसाळ्यातल्या औषधांना वर्षाची सरासरीही लावू नका. जून ते सप्टेंबरचा वापर वेगळा काढा आणि तो साठा मेअखेर केंद्रात पोचेल अशी तारीख मागणीपत्रात घाला.

सर्पदंशावरच्या लसीची वेगळी काळजी घ्या. विषबाधेची लक्षणे असलेल्या एका रुग्णाला सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. केंद्रात पाच कुप्या असतील, तर प्रणालीत ‘साठा उपलब्ध’ असे हिरवे दिसते, पण एका रुग्णालाही ते पुरेसे नाही. किमान साठा कुप्यांत लिहू नका, रुग्णांत लिहा : ‘दोन रुग्णांपुरत्या २० कुप्या’. वर बसलेल्या अधिकाऱ्याला हे एका नजरेत कळते.

राज्याची औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन या राज्य सरकारच्या महामंडळामार्फत होत होती. २०२३ मध्ये त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदी करणारा बदलला, तरी गरजेचा आकडा तुमच्या केंद्रातूनच निघतो. तो चुकला तर चूक राज्यभर बेरीज होत जाते.

प्रश्न : ग्राम आरोग्य समितीचे दहा हजार रुपये यंदा पूर्ण आले नाहीत. का?
– आशा स्वयंसेविका, हिंगोली जिल्हा

मागच्या वर्षीची रक्कम खात्यात शिल्लक असणार. हा निधी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत भरून दिला जातो. शिल्लक असेल तेवढे कमी येतात. विनियोग प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला) वेळेत गेले नसेल तरीही निधी अडतो. बऱ्याच गावांत मार्चमध्ये घाईने खुर्च्या घेतात, ते टाळा. मेमध्ये बैठक घेऊन पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, गरीब रुग्णाला नेण्याचा खर्च, क्लोरीन तपासायचे साहित्य असे पावसाळ्याआधी लागणारे खर्च ठरावात घ्या. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, ही ग्रामपंचायतीची स्वतःची जबाबदारी आहे, ती या पैशात ढकलू नका. पावडरीत क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेले असेल, तर ती कितीही टाकली तरी उपयोग नाही. उघडे पोते दमट खोलीत ठेवले की तेच होते.

प्रश्न : दसरा-दिवाळीला आमच्या भागातली कुटुंबे ऊसतोडीला जातात. लसीकरणाचे उद्दिष्ट मात्र तेवढेच राहते आणि आढावा बैठकीत आम्हाला बोलणी बसतात. हे राज्याच्या आराखड्यात कसे घालायचे?
– गटप्रवर्तक, बीड जिल्हा

बोलणी बसतात, कारण तक्त्यात मुले ‘राहिली’ असे दिसते, ‘गेली’ असे दिसत नाही. आधी तो रकाना तयार करा. दसऱ्यापूर्वी प्रत्येक आशाताईने गरोदर माता आणि दोन वर्षांखालील बालकांची यादी करावी : नाव, नोंदणी क्रमांक, पुढची लस किंवा तपासणीची तारीख, मुकादमाचे गाव, कारखान्याचे नाव आणि तालुका. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेले का, यावर खूण. त्यात कारखान्याचे नाव नसेल, तर यादी पुढे कोणाच्याच कामाची नाही.

पुढची अडचण परिमंडळाची. बीड लातूर परिमंडळात येते. कुटुंबे जातात त्या कोल्हापूर, सांगलीला कोल्हापूर परिमंडळ आणि सोलापूर, साताऱ्याला पुणे परिमंडळ. म्हणजे तीन उपसंचालक, आणि कर्नाटकात गेलेल्यांसाठी तर दुसरे राज्य. त्यामुळे यादी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत थेट त्या-त्या जिल्ह्यांना आणि प्रत आयुक्तालयाला, अशी दोन्हीकडे गेली पाहिजे.

पैशासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा कार्यक्रम अंमलबजावणी आराखडा आहे. यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देते. २०२२-२४ पासून तो दोन वर्षांचा होतो, म्हणून एक संधी चुकली की दोन वर्षे गेली. जिल्ह्याची मागणी आर्थिक वर्ष सुरू होण्याआधीच्या हिवाळ्यातच वर जायला हवी. त्यात ‘स्थलांतरितांसाठी विशेष लक्ष’ असे लिहू नका, ते छाननीत पहिल्यांदा गळते. लिहा : किती पथके, किती महिने, गाडीचे रोजचे किलोमीटर, पथकात कोण, किती बालके. जिथे कुटुंबे जातात त्या जिल्ह्यांनीही हेच मागितले पाहिजे, कारण लस तिथल्या फडावरच द्यावी लागणार आहे.

मोजलेली गोष्ट राज्याला हलवते हे बीडमध्येच दिसले आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल कुजबूज अनेक वर्षे होती. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यांत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे निघाले. पुढे जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना अशा नियोजित शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेऊन मृत्यूंची काटेकोर नोंद ठेवली. २०११ मध्ये त्याच पद्धतीवर आशांच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज तुमच्या आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला भेटतात, त्या गृहभेटींची कल्पना तिथूनच आली आहे.

या दिवसांतला एखादा दिवस फडावर येत असेल, तर यादीत त्या बाळासमोर तारीख लिहून ठेवा आणि तिथल्या आशाताईचे नाव मिळवा. यंदाची यादी भाद्रपदातच सुरू केलीत, तर मुकादम गाड्या भरण्याआधी ती पूर्ण होईल.