नकाराचे पत्र आणि वडिलांची खंत

“मुलीची बुद्धी कमी पडली की आमचा पैसा?” प्रवेशाचे निकाल लागले की हा प्रश्न माझ्यासमोर हमखास येतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून त्यातला एक प्रसंग सांगते. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांकडून सतरा वर्षांच्या एका मुलीला सर्वत्र नकार आला होता, आणि गुणांत तिच्या बरोबरीच्या, पण खासगी सल्लागाराकडून अर्ज तयार करून घेतलेल्या तिच्या वर्गमित्राला प्रवेश मिळाला होता. वडील स्वतःला दोष देत होते. मुलगी एवढेच म्हणाली, “माझ्यातच काहीतरी कमी असणार.”

मला तिच्या या वाक्याची अधिक काळजी वाटली, म्हणून धीर देण्याआधी मी तिच्यासमोर माहिती ठेवली. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, प्रवेशपरीक्षेत सारखेच गुण असूनही अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले तेथील बारा अग्रगण्य विद्यापीठांत मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात पोहोचतात; माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, अभ्यासाबाहेरच्या गोष्टींचे मूल्यमापन आणि खेळाडूंची वेगळी निवड ही त्यामागची मुख्य कारणे आहेत. शिवाय या मुलीने अर्थसाहाय्य मागितले होते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याची आर्थिक गरज विचारात घेत नाहीत, बहुतेक ठिकाणी मात्र ती विचारात घेतली जाते आणि मदत मागणाऱ्याची संधी त्यामुळे कमी होऊ शकते; तिच्या यादीत अशीच विद्यापीठे जास्त होती. हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

“मग कॉलेजच्या नावाला अर्थच नाही का?” तिने विचारले. तसे सांगणे मला अप्रामाणिक वाटले असते. त्याच अभ्यासात असेही दिसते, की चांगल्या सरकारी विद्यापीठाच्या तुलनेत सरासरी उत्पन्नात फारसा फरक पडत नसला, तरी अगदी वरच्या उत्पन्नगटात पोहोचण्याची शक्यता या विद्यापीठांमुळे बरीच वाढते. तिच्यावर अन्याय झाला असण्याची शक्यता खरी होती, आणि तिची कुवत त्या पत्रांवरून ठरत नव्हती, हेही तितकेच खरे होते.

वडिलांशी मी स्वतंत्रपणे बोलले. ते मुलीसमोर स्वतःला दोष देत, तेव्हा आपल्या निकालामुळे बाबांना अपराधी वाटते आहे, एवढेच तिच्यापर्यंत पोहोचत होते. त्यांची खंत खोटी आहे असे मी म्हटले नाही. ती माझ्याकडे किंवा मित्राकडे बोलावी, मुलीकडे नाही, एवढीच विनंती केली. पुढच्या भेटीत मुलीने नवी यादी आणली, आणि प्रत्येक नावापुढे अर्थसाहाय्याचा नियम स्वतः शोधून लिहिला होता.