स्कूटर असताना इलेक्ट्रिक मोटारगाडी घ्यावी का?

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात तुमचा निर्णय योग्य वाटावा इतक्या तळमळीने ते लिहिलेले आहे. तुम्ही पुण्यात कोथरूडला आनंदनगर मेट्रो स्थानकाजवळ राहता, कल्याणीनगरच्या कार्यालयात २०१४ सालच्या पेट्रोल स्कूटरने जाता-येता, आणि घरात २०१८ ची एक पेट्रोल मोटार आहे, जी शनिवार-रविवारी आणि सासऱ्यांना दवाखान्यात नेण्यासाठी बाहेर निघते. दोघांचे मिळून हातात १ लाख ४५ हजार येतात. त्यातून घराचा हप्ता ३८ हजार, म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक (एसआयपी) १५ हजार, मुलीच्या शाळेसह घरखर्च ७५ हजार, म्हणजे महिनाअखेर १७ हजार उरतात. मुलीच्या शाळेतल्या प्रकल्पामुळे घरात प्रदूषणाचा विषय निघाला आणि ‘आपणही काहीतरी केले पाहिजे’ म्हणून तुम्ही १३ लाखांची इलेक्ट्रिक मोटार पाहून आलात: ३ लाख साठवणीतून, १० लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी ९ टक्क्यांनी. पेट्रोलचे महिन्याला सव्वाचार हजार वाचतील, असा तुमचा हिशेब आहे.

हा हिशेब नेमका तपासायला हवा. तुमचे कार्यालय घरापासून १३ किलोमीटर आहे. महिन्याचे २२ दिवस धरले तर ५७० किलोमीटर होतात. लिटरला १४ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल मोटारीला एवढ्या अंतरासाठी ४१ लिटर लागतील, आणि १०४ रुपये दराने सव्वाचार हजार होतात हे खरेच आहे. पण तुम्ही कार्यालयात पेट्रोल मोटारीने जातच नाही. तुम्ही स्कूटरने जाता, तिला लिटरला ४५ किलोमीटर मिळतात, आणि तुमचा आजचा खर्च आहे सुमारे १,३२० रुपये. इलेक्ट्रिक मोटारीला युनिटमागे सात किलोमीटर धरले, तर ८२ युनिट लागतील आणि घरच्या विजेचे १२ रुपये युनिटने हजार रुपये होतील. म्हणजे विजेचा खर्च वजा जाता बचत सव्वातीन हजारांची नसून सव्वातीनशेची आहे, आणि तिच्यासाठी सात वर्षे दरमहा सुमारे १६,१०० रुपयांचा हप्ता भरायचा आहे. त्या सात वर्षांत साडेतीन लाख रुपये केवळ व्याजाचे जातील. विमा आणि देखभाल वेगळी.

पैशांचे बाजूला ठेवले तरी तुमचा मूळ हेतू यातून साधत नाही, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तुमची स्कूटर महिन्याला पावणेतेरा लिटर पिते, म्हणजे २९ किलो. आपल्याकडची वीज अजून बहुतांशी कोळशावर होत असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. ८२ युनिटांचे ५७ किलो होतात. म्हणजे स्कूटर सोडून इलेक्ट्रिक मोटारीत बसल्यावर तुमच्या रोजच्या प्रवासाचा भार जवळपास दुप्पट होईल, आणि एवढे मोठे वाहन व त्याची बॅटरी तयार करताना जे जळले ते यात धरलेलेच नाही. पेट्रोल मोटारीच्या तुलनेत इलेक्ट्रिक मोटार स्वच्छ आहे यात वाद नाही. परंतु तुलना नेहमी आपण आज ज्याने जातो त्याच्याशी करावी लागते. एकट्या माणसाला नेण्यासाठी हजार-दीड हजार किलोचे वाहन हलवायचे म्हटले की ऊर्जा लागणारच, ती कोणत्याही टाकीतून येवो.

विक्रेत्याने तुम्हाला सांगितलेली दीड लाखांची कर-वजावटही मिळणार नाही. आयकर कायद्याच्या कलम ८०ईईबीखाली इलेक्ट्रिक वाहनाच्या कर्जावरील व्याजाला ती सवलत होती, पण १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच, आणि तीही जुन्या करप्रणालीत. आज काढलेल्या कर्जाला तिचा उपयोग नाही.

तुमच्याकडे बाजूला ठेवलेले चार लाख आहेत. घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून तुम्हाला महिन्याला १ लाख १३ हजार लागतात, म्हणजे ही पुंजी आजच साडेतीन महिन्यांची आहे; मी सहा महिन्यांची सुचवतो. त्यातून तीन लाख काढले की उरेल तो एका महिन्याचाही खर्च नव्हे, आणि हप्त्यांचा बोजा २६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर जाईल. घरात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणारे ज्येष्ठ असताना ही जोखीम मी तुम्हाला घेऊ देणार नाही.

मग करायचे काय? तुमच्या दारात मेट्रोचा वनाझ–रामवाडी मार्ग आहे, आणि पत्रात त्याचा उल्लेख ‘पावसाळ्यात कधीतरी’ एवढाच आहे. ६ मार्च २०२४ ला रूबी हॉल ते रामवाडी टप्पा सुरू झाल्यापासून आनंदनगर ते कल्याणीनगर प्रवास एका गाडीत होतो, मध्ये बदलावी लागत नाही. मी याच मार्गाने आठवड्यातून तीनदा जातो. डेक्कन सोडल्यावर गाडी मुठेच्या कडेने जाते तेव्हा खाली पुलांवर थांबलेल्या दुचाकींच्या रांगा दिसतात, आणि त्या रांगेत मीही वीस वर्षे उभा होतो हे आठवते. तिकिटाचे एका बाजूचे ३० रुपये धरले आणि कार्डावरची १० टक्के सवलत घेतली तर महिन्याचे बाराशेच्या आत होतात. कल्याणीनगर स्थानकापासून तुमचे कार्यालय सव्वा किलोमीटर आहे. दोन्ही वेळा चालणार नाही असे धरून रिक्षासाठी दिवसाला ५० रुपये ठेवा. एकूण २,३०० होतील. मेट्रो तुमच्या स्कूटरपेक्षा महाग पडेल, हे मी लपवत नाही. महिन्याला हजार रुपये जास्त देऊन तुम्ही जो हेतू पत्रात लिहिला आहे तो खऱ्या अर्थाने साधाल, आणि कर्वे रस्त्यावरचा धूर रोज तास-दीड तास छातीत भरणे थांबेल. हे हजार रुपये मी खर्चात आनंदाने मांडेन. संध्याकाळी उशीर होतो तेव्हा, किंवा मुलीच्या क्लासच्या दिवशी, स्कूटर न्यावी लागेल. आठवड्यातून चार दिवस मेट्रो जमली तरी पुष्कळ झाले.

स्कूटरचे मात्र काहीतरी केले पाहिजे. २०१४ ची गाडी बीएस-३ या धुराच्या जुन्या मानकाची आहे, आणि कार्बन डायऑक्साइड कमी सोडत असली तरी श्वासात जाणारा धूर तिचा नव्या गाड्यांपेक्षा वाईट असतो. तिची १५ वर्षांची नोंदणीही २०२९ ला संपते. तिच्या जागी इलेक्ट्रिक स्कूटर घेणे मला पटते: शंभर किलोमीटरला तीन युनिटे, म्हणजे सगळा महिना तिच्यावर काढला तरी दोनशे रुपयांची वीज आणि बारा किलो कार्बन डायऑक्साइड. तिच्यावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, तर पेट्रोल स्कूटरवर १८ टक्के. तरीही पेट्रोलच्या बचतीतून किंमत वसूल होईल या भ्रमात राहू नका. मेट्रोने जाऊ लागल्यावर ती फारशी धावणारच नाही. जुनी बदलायचीच आहे म्हणून घ्यायची, एवढेच कारण पुरे आहे. घेताना बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे लेखी मागा, आणि तुमच्या जागेवर मीटरमधून प्लग घेण्याची सोसायटीची परवानगी आधी मिळवा. ती नसेल तर रोज बॅटरी उचलून तिसऱ्या मजल्यावर नेणे जमेल का, हे एकदा करून पाहा.

२०१८ ची मोटार ठेवा. ती वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालते, सासऱ्यांना दारातून दारात नेते, आणि तिचे कर्ज फिटलेले आहे. ती थकेल तेव्हा तिच्या जागी इलेक्ट्रिक मोटार घेण्याचा विचार जरूर करू. तेव्हा घरात एक वाहन जाऊन एक येईल आणि तुलना पेट्रोल मोटारीशीच असेल.

तोवर, १६,१०० रुपयांचा जो हप्ता भरायची तुमची तयारी होती, तो येत्या महिन्यापासून बँकेत आवर्ती ठेवीत भरायला लागा. मेट्रोचा वाढीव हजार धरून तुमची महिन्याची सगळी शिल्लक त्यात जाईल, आणि तो हप्ता घराला खरोखर झेपतो का, हे कर्जाशिवाय कळेल. आठ महिन्यांत एक लाख अठ्ठावीस हजार जमतील; त्यात स्कूटर रोखीने येईल. त्यानंतरचे हप्ते आपत्कालीन निधीत टाका, तो सहा महिन्यांच्या खर्चाएवढा होईपर्यंत. आठवा हप्ता भरल्यावर मला पुन्हा लिहा, आणि त्यात मेट्रोच्या कार्डावरील शिल्लक रकमेचाही हिशेब पाठवा.

आपला,
आर्थिक नियोजनकार