सायकलचे प्रश्न : शूज माझे, पेडल भाच्याचं, क्लीट कुणाचं?

यावेळी आलेले प्रश्न जवळपास सगळे पेडल आणि क्लीटचेच आहेत. कारण सरळ आहे, सेकंडहँड सामान खूप फिरायला लागलंय, कुणाला पुण्याचा भाचा पेडल देतो, कुणाला हैदराबादचा मित्र शूज देतो, आणि मग हे त्याला बसत नाही, ते ह्याला बसत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लीट म्हणजे शूजच्या तळव्याला बोल्टनं बसवायचा तुकडा, तो पेडलमध्ये खटकन अडकतो आणि टाच बाहेर फिरवली की सुटतो. एवढं अडकून वर नाव क्लिपलेस का, तर आधी पेडलला पुढे पिंजरा आणि पट्टा असायचा त्याला टो क्लिप म्हणायचे, तो गेला म्हणून क्लिपलेस. फ्रान्सची लुक कंपनी स्कीईंगच्या बुटांची बाइंडिंग करायची, तीच कल्पना तिनं 1984 ला सायकलवर आणली आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो त्या पेडलवर टूर द फ्रान्स जिंकला. जपानच्या शिमानोचं एसपीडी, म्हणजे दोन बोल्टच्या छोट्या क्लीटवालं पेडल, 1990 चं. आमचे वडील गिरणीत सायकलवर जायचे, पायात चप्पल, त्यांना सांगितलं असतं की लोक पैसे देऊन पाय पेडलला अडकवून घेतात तर म्हणाले असते, येडा झालायस का बे.

प्रश्न : भाच्यानं लुक किओची पेडल दिली. माझ्या शूजला शिमानोचे पिवळे क्लीट आहेत. दोन्ही तीन बोल्टवाले, दिसायला सेम टू सेम. पण पाय दाबला तर पुढचं टोक जातं, मागे खटका येत नाही. पेडल खराब आहे का? जोर लावून बसवू का? — एक वाचक, जुळे सोलापूर

जोर लावू नका. पेडल खराब नाही, क्लीट दुसऱ्या घरचं आहे.

इथं सगळ्यांचीच गल्लत होते. शूजच्या तळव्याला जी तीन भोकं आहेत ती लुकला आणि शिमानोच्या रोड बाइकच्या क्लीटला सारखीच, म्हणून लोकांना वाटतं क्लीटपण सारखं असणार. भोकं फक्त एवढंच सांगतात की शूजला काय लागू शकतं. पेडलमध्ये काय बसणार ते क्लीटच्या पुढच्या नाकावर आणि मागच्या किनारीवर आहे, आणि ती मापं दोघांची वेगळी आहेत. एवढंच कशाला, लुकचंच जुनं डेल्टा क्लीट लुकच्याच किओ पेडलला चालत नाही. त्यामुळं शूज तेच ठेवा, पेडल तेच ठेवा, फक्त किओचे क्लीट घ्या. 4 नंबरची अ‍ॅलन की, सहा बोल्ट, पंधरा मिनिटांचं काम. जुने क्लीट काढायच्या आधी त्यांच्या कडेनं मार्करनं शूजवर रेघ मारून ठेवा, निदान अंदाज राहतो आधी कुठं होतं.

आता घेताना रंग बघून घ्याल, तिथंच फसाल. रंग सांगतो, अडकलेला पाय किती अंश इकडेतिकडे हलू शकतो. शिमानोत लाल म्हणजे 0 अंश, पाय जागचा हलत नाही, निळा 2 अंश, पिवळा 6. लुक किओत काळा 0, राखाडी साडेचार, आणि लाल म्हणजे चक्क 9 अंश, सगळ्यात मोकळा. म्हणजे लाल एकाकडे सगळ्यात घट्ट आणि दुसऱ्याकडे सगळ्यात सैल! मी स्वतः लुकवरून शिमानोवर आलो तेव्हा सवयीनं लाल उचलले, फोनवर ऑर्डर दिली की लाल द्या, त्यांनी लाल दिले, त्यांची काय चूक. अक्कलकोटला जाऊन आलो, जाऊन-येऊन 80 किलोमीटरच्या आसपास, आणि रात्री उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की जिना एकेक पायरी उतरलो. बायको म्हणाली वय झालं. वय नाही ओ, रंग. पिवळे लावले आणि आठवड्याभरात गुडघा गप्प. तुम्हाला पिवळ्याची सवय आहे तर किओत राखाडी किंवा लाल घ्या, काळ्याच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : दर वर्षी कोजागिरीला आमच्या गल्लीतले लोक तुळजापूरला चालत जातात, यंदा आम्ही तिघं सायकलनं जाणार. माझे एमटीबी, म्हणजे माउंटन बाइकचे शूज आहेत, दोन भोकांचे. मित्र म्हणतो घाट आहे, रोडची तीन बोल्टवाली पेडल लाव, जोर जास्त लागतो. लागतील का? — एक वाचक, विजापूर रोड

लागणार नाहीत आणि लावूही नका. तीन भोकांच्या रोड शूजवर दोन बोल्टचं एसपीडी क्लीट बसवायला अडॅप्टर मिळतो, शिमानोचाच येतो. पण उलटं, म्हणजे दोन भोकांच्या शूजवर रोडचं मोठं क्लीट, त्या नादाला लागू नका.

आणि मित्राला सांगा, तो घाट काही आल्प्सचा नाही. 45 किलोमीटरचं अंतर, त्यात एवढासा घाट, एसपीडीवर आरामात होतो. खरा प्रश्न सायकलवरून उतरल्यावर आहे. रोडचं क्लीट तळव्याच्या बाहेर आलेलं असतं, चालताना माणूस बदकासारखा चालतो, आणि ते प्लॅस्टिकचं, डांबरावर झिजतं. कोजागिरीच्या गर्दीत सायकल हातात धरून किती चालावं लागेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एसपीडीचं क्लीट धातूचं, छोटं, तळव्याच्या खाचेत लपलेलं, त्यावर चहाच्या टपरीपर्यंत माणसासारखं जाता येतं. फक्त गुळगुळीत फरशीवर जपून, सटकतं. पाऊस झाला असेल तर रस्त्याच्या कडेला पाय टेकताना बघा, आपली काळी माती क्लीटच्या खाचेत एकदा बसली की पेडल घेतच नाही, चावीनं उकरून काढावी लागते.

प्रश्न : ऑनलाइन स्वस्तात पेडल घेतली, वर 'एसपीडी कम्पॅटिबल' लिहिलंय. सोबत आलेले क्लीट ठेवून दिले आणि शिमानोचे लावले, म्हणलं ओरिजनल चांगले. डावा पाय मस्त सुटतो, उजवा कधी सुटतो कधी नाही. दोनदा पडलो. — एक वाचक, अशोक चौक

ठेवलेले क्लीट बाहेर काढा आणि तेच लावा. 'कम्पॅटिबल' म्हणजे जवळपास सारखं. जवळपास सारखं हे चादरीला चालतं, इथं नाही. बरेचदा चालूनही जातं, मी कित्येक जण बघितलेत वर्षानुवर्षं मिक्स करून चालवणारे, पण जिथं तुम्ही पडलाय तिथं चर्चा संपली.

पण थांबा, एकच पाय अडकतोय ना? मग आधी उजव्या शूजचे बोल्ट बघा. माझं झालेलं सांगतो. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो, टाच फिरवली, शूज फिरला पण सुटलं काहीच नाही. परत फिरवली, तेच. तोपर्यंत सायकल कलली आणि मी कापलेल्या झाडासारखा आडवा, रिक्षावाला उतरून म्हणतोय काय ओ काका चक्कर आली का, आणि पाय अजून पेडललाच! शेवटी शूजची पट्टी उघडून पाय बाहेर काढला, शूज पेडलला लटकलेला, मी एका मोज्यावर फूटपाथला. घरी येऊन बघतो तर दोनपैकी एक बोल्ट कुठंतरी गळून गेलेला. एकाच बोल्टवर क्लीट असलं की टाच फिरवल्यावर शूज त्या बोल्टभोवती फिरतो, क्लीट आपलं जागच्या जागी, मग सुटणार कसं. तेव्हापासून बोल्टच्या आट्यांना ग्रीस आणि महिन्यातून एकदा अ‍ॅलन की. टॉर्कचा पाना असेल तर 5 ते 6 न्यूटन मीटर.

बोल्ट ठीक असतील तर दोन्ही पेडलच्या स्प्रिंगचा स्क्रू बघा, डावा-उजवा सारखा सैल करा. आणि क्लीट बदलून शूज हातात घ्या, पेडलमध्ये हातानं दाबून वीसेक वेळा बसवा-सोडवा, मग घरात भिंतीला धरून सायकलवर बसून तेच करा, त्यानंतर रस्ता. शिमानोचंच पेडल घेतलंत कधी, तर एसएच 51 क्लीट फक्त टाच बाजूला फिरवून सुटतं, एसएच 56 वर ओढलं तरी सुटतं. नवशिक्यांना 56 बरं, पण उभं राहून जोर लावताना नको तेव्हा सुटू शकतं, तेही लक्षात ठेवा.

प्रश्न : घरी ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, एकच सायकल आहे. पेडल एसपीडी, मिस्टरांचे शूज त्याला बसतात. माझे शूज बहिणीनं दिलेले, त्याला क्रँक ब्रदर्स कंपनीचे पितळी क्लीट आहेत. रोज पेडल बदलायला मिस्टर कुरकुर करतात. — एक वाचक, होटगी रोड

ताई, पेडल बदलायची गरजच नाही. तुमच्या शूजलाही दोनच भोकं आहेत, ती एसपीडीला चालतात, फक्त क्लीट चालत नाही. पितळी काढा, एसपीडीचे लावा, मिस्टर गप्प. पितळी जपून ठेवा पण, आणि कधी परत लावलेत तर खुणेचे ठिपके असलेलं क्लीट कुठल्या पायात होतं ते आधी लिहून ठेवा, कारण डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली की सुटायचा कोन 15 चा 20 होतो किंवा 20 चा 15. आणि दोघांची सीटची उंची वेगळी असणारच, तिथं सीटपोस्टवर दोन टेप लावा, एक लाल एक निळी, भांडण मिटेल.

प्रश्न : गल्लीतल्या मिस्त्रीकडून डावं पायडल काढत होतो, जोर लावून लावून शेवटी आटे गेले. — एक वाचक, मुरारजी पेठ

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, मिस्त्रीनं आवळत नेलं. पाना पायडलच्या दांडीवर उभा धरायचा, मागच्या चाकाकडे ढकलला की सुटतं, पुढच्या चाकाकडे आवळतं, दोन्ही बाजूंना हेच. क्रँक, म्हणजे पायडल ज्यात बसतं तो दांडा, अ‍ॅल्युमिनियमची असेल तर लगेच भंगारात टाकू नका, आत नव्या आट्यांचं बुश बसवता येतं, एमआयडीसीतला एखादा चांगला लेथवाला गाठा आणि माप 9/16 इंच, इंचाला 20 आटे, डावं, असं कागदावर लिहून न्या. तोंडी सांगितलंत तर तो उजवं करून देईल.