अर्धवट पाळलं म्हणजे खोटं पाळलं का?

हा प्रश्न माझ्याकडे सगळ्या धर्मांची माणसं घेऊन येतात. कोणाचे उपास अर्ध्यात मोडतात, कोणाचे चार रोजे सुटतात, आणि मग तेच वाक्य, "मॅडम, मी ढोंगी आहे का?" पण यावेळी विचारणारी मुलगी बेने इस्रायल होती, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. तिची गोष्ट तिला विचारून सांगतेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय 28, नोकरी पुण्यात, आई एकटी ठाण्यात. शुक्रवारी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, मेणबत्त्या लावायची, आणि मग रात्री आईचा फोन आला की उचलायची. इतकी वर्षं काही वाटलं नव्हतं, पण मध्यंतरी ती हलाखाचे, म्हणजे ज्यू धर्मनियमांचे व्हिडिओ बघायला लागली आणि तिथे कळलं की ऑर्थोडॉक्स, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे लोक शब्बाथला फोनला हातसुद्धा लावत नाहीत. मग डोक्यात बसलं की फोन उचलायचा तर मेणबत्ती लावणं हे नाटक आहे, आणि नाटक नको म्हणून तिने मेणबत्त्याच बंद केल्या. सहा महिने. तेव्हापासून शुक्रवारी रात्री झोप नाही.

मी म्हटलं, घरी मेणबत्त्या कशा लावायच्या ते सांग ना. ती म्हणाली आजी दोन मेणबत्त्या लावून डोळ्यांवर हात धरायची, बराच वेळ तशीच उभी, नुसते ओठ हलायचे, आणि हात काढल्यावर पहिल्यांदा आम्हा मुलांकडे बघायची. एवढं बोलून रडायलाच लागली. मी थांबले. मग म्हटलं, अगं ढोंग करणाऱ्या माणसाची सहा महिने झोप उडते का?

माझं माहेर अलिबागचं, तिथे इस्रायल आळी आहे, लहानपणी त्यांच्याकडचा नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा खाल्लाय मी, त्यामुळे ती कुठून बोलतेय ते थोडं समजत होतं. या लोकांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आले असं ते सांगतात. पुढे कित्येक पिढ्या ना तालमूद हा धर्मनियमांचा ग्रंथ, ना रब्बाय म्हणजे धर्मगुरू, तरी शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव पाडलं शनिवार तेली. सुंता आणि शेमाची, म्हणजे देव एकच आहे असं म्हणणारी, प्रार्थना हेही धरून ठेवलं. त्यांच्यातच सांगतात की डेव्हिड रहाबी नावाचा माणूस आला, त्याने बायकांपुढे मिश्र मासे ठेवले आणि त्यांनी पर आणि खवले नसलेले, म्हणजे ज्यूंना न चालणारे, मासे बाजूला काढले, तेव्हा हे ज्यूच आहेत अशी त्याची खात्री पटली. पूर्ण हलाखा माहीत नसलेली माणसं होती ती. त्यांना खोटं म्हणशील का, मी विचारलं. बराच वेळ ती काही बोलली नाही.

मग वेगळंच बाहेर आलं. 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बायांनी बेने इस्रायलांच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करायचा आदेश काढला होता, लोकांनी उपोषणं केली, मोर्चे काढले, 1964 मध्ये संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानलं. तिच्या आजोबांचे भाऊ तेव्हा तिकडे होते आणि घरात एक वाक्य कायम यायचं, "आपल्याला पुरावा द्यावा लागला." मला वाटतं तिची भीती तिथली होती, फोन हे निमित्त. अशी शरम घरातूनच येते आणि आपण तिला श्रद्धा समजून बसतो, हे मी फार वेळा बघितलंय.

पण मी रब्बाय नाही, फोन चालतो की नाही हे मी सांगणं चूक झालं असतं आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. रब्बायांचंही अशा गोष्टींवर एकमत नाही, 1950 मध्ये अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे ऑर्थोडॉक्सांपेक्षा थोड्या सैल पंथाच्या, रब्बायांनी शब्बाथला सिनेगॉगला म्हणजे प्रार्थनास्थळी गाडीने जायची मुभा दिली, ऑर्थोडॉक्सांनी ती मानली नाही. मी फक्त विचारलं, तू प्रश्न नेमका काय विचारलास? तर म्हणे "शब्बाथला फोन वापरावा का" एवढंच, तेही सर्चमध्ये टाईप करून. आईला हार्टचा त्रास आहे, ती एकटी आहे, रात्री तिला तूच एक नंबर आहेस, हे कोणाला सांगितलंस? कोणालाच नाही. त्यांच्या धर्मात जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावाच लागतो, पिकुआख नेफेश म्हणतात त्याला, हे तिलाही माहीत होतं, पण ते आपल्या आईला लागू होऊ शकतं हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती एका रब्बायांशी आईची सगळी हकीकत सांगून बोलली. ते काय म्हणाले ते मी विचारलं नाही. त्या शुक्रवारी तिने ठाण्याला जाऊन आईबरोबर मेणबत्त्या लावल्या, आणि हात काढल्यावर पहिल्यांदा आईकडे बघितलं म्हणाली.