आंबोलीला निघण्याआधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

जुलैत किडे-बेडकांचे फोटो काढायला आंबोलीला निघाली आहेस आणि त्याआधी उसनवारी करून मोठा कॅमेरा घ्यावा का, असं विचारलंस. नको घेऊस. तुझ्याकडे ऑलिम्पसचा टीजी-६ आहे, आणि आंबोलीच्या पावसाला तो पुरून उरेल. १५ मीटर पाण्याखाली चालणारा कॅमेरा आहे तो, झाकणं तेवढी नीट बसली आहेत ना हे पाहत जा. मायक्रोस्कोप मोडमध्ये भिंग किड्यापासून १ सेंटीमीटरवर आलं तरी फोकस होतो. शिवाय त्याचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा तुकडा, लहान. त्यामुळे मोठ्या कॅमेऱ्यात भुंग्याचा डोळा स्पष्ट आला की पाठ धूसर होते, तिथे तुझ्या फोटोत त्याचं बरंच अंग स्पष्ट राहतं.

अडचण आहे ती त्या १ सेंटीमीटरचीच. लांब भिंगवाला हातभर दुरून फोटो काढून मोकळा होतो. तुला मात्र त्या जिवाच्या अगदी दारात जाऊन बसावं लागणार, आणि त्यानं ते चालवून घेतलं पाहिजे. म्हणून बटणांच्या आधी जवळ कसं जायचं तेच सांगते.

काही दिसलं की पहिला फोटो जिथे उभी आहेस तिथूनच काढ. कितीही बारीक येऊ दे, तू काय पाहिलंस याची नोंद झाली. मग अर्धं अंतर कापून दुसरा. मग बस, आणि बसल्या बसल्या सरक. किड्यांच्या डोळ्यांना हालचाल फार चटकन कळते, विशेषतः आडवी. सरळ रेषेत, अगदी सावकाश पुढे गेलीस तर पुष्कळदा जवळ जाऊ देतात. स्वतःची सावली कुठे पडते आहे याचं भान ठेव. फुलपाखराच्या अंगावर सावली पडली की ते उडालंच समज. चतुर उडाला तर त्याच्या मागे धावू नकोस. अनेक चतुर फिरून त्याच काडीच्या टोकावर येऊन बसतात. तो हवेत असताना काडीच्या दिशेनं दोन पावलं सरकायचं आणि स्तब्ध व्हायचं. परत आला की तू त्याला तिथलीच वाटतेस. उघडीप मिळाली आणि ओल्या वाळूवर फुलपाखरं चिखलपान करताना दिसली, तर त्यासारखी संधी नाही. क्षार शोषण्यात ती इतकी गुंतलेली असतात की पोटावर सरपटत अगदी जवळ जाता येतं. कपडे मळतील, मळू देत.

सकाळी लवकर बाहेर पड. गारठलेले किडे जागचे हलत नाहीत, आणि फोकस स्टॅकिंग वापरायचं तर तेव्हाच. कॅमेरा वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून लागोपाठ फोटो घेतो आणि जोडतो, त्यात मिशी जरी हलली तरी चित्र बिघडतं.

उजेडाचं म्हणशील तर पावसाळ्यात आंबोलीत तो कमीच. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ८०० च्या वर जाऊ देऊ नकोस, लहान सेन्सरवर दाणे दिसू लागतात. फ्लॅश वापरावा लागेलच. पण १ सेंटीमीटरवर भिंगाचीच सावली किड्यावर पडते. थोडी मागे ये, झूम पुढे ने आणि फ्लॅशवर बटर पेपरचा दुहेरी तुकडा चिकटव. ढालकिड्याच्या चकचकीत पाठीवर मग पांढरा डाग पडत नाही, खरा रंग दिसतो. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या काच बाहेरून धुरकटते, म्हणून कॅमेरा आधीच पिशवीतून बाहेर काढून ठेव.

आता एक गोष्ट, जी मला अजून बोचते. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो. पिल्लं त्यातून थेट खाली पाण्यात पडतात. काही वर्षांपूर्वी तसं घरटं मला दिसलं, जरा उंच होतं. फोटोसाठी मी फांदी खाली ओढली आणि ती मोडली. पानं काठावरच्या दगडांकडे वळली, खाली पाणी उरलं नाही. मी काढलेला तो फोटो चांगला आला होता. तो मी कुणालाही दाखवला नाही. फांदी वाकवायची नाही, पान तोडायचं नाही, बेडूक हातात घ्यायचा नाही. डासांचं मलम लावलेले हात तर त्याच्या ओल्या कातडीला मुळीच लागता कामा नयेत.

पाय कुठे टाकतेस तेही पाहा. आंबोली टोड हा छोटा भेक, ज्याची नवी जात म्हणून नोंद २००९ साली झाली, आंबोलीच्या परिसराबाहेर सापडत नाही. जांभ्या दगडावर साचलेल्या उथळ पाण्यात त्याची वीण होते, आणि रस्ता ओलांडताना गाड्यांखाली पुष्कळ मरतात. रात्री चालताना बॅटरी जमिनीवर ठेव. आणि गुडघा टेकण्याआधी, फांदीला हात लावण्याआधी तीच बॅटरी तिथे फिरव. मलबारी चापडा हा साप तासन् तास एका जागी बसून असतो. हिरवा असतो तसा तपकिरीही असतो, पानापाचोळ्यात दिसत नाही, आणि विषारी आहे. त्याच्यासाठी मायक्रोस्कोप मोड नाही. चार-पाच हातांवरून, जेवढा झूम आहे तेवढ्यात येईल तो फोटो.

एकाच किड्याचे तीन फोटो तरी आण: पाठीचा, बाजूनं आणि तोंडाचा. शिवाय तो ज्या झाडावर बसलाय त्याच्या पानाचा एक. सुरवंटाची ओळख पटवताना अर्धं काम त्या पानानंच होतं. दुर्मीळ काही मिळालं तर नेमकी जागा सगळ्यांना सांगत सुटू नकोस, तालुका पुरे.

निघायला अजून तीन आठवडे आहेत. तोवर गॅलरीतल्या कढीपत्त्यापाशी रोज सकाळी अर्धा तास बस. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नकोस, तो कॉमन मॉरमॉन फुलपाखराचा लहान सुरवंट असण्याची शक्यता आहे. मोठा होऊन हिरवा होईपर्यंत त्याचे रोज फोटो काढ आणि मला पाठव. फोडणीसाठी त्या फांदीची पानं सध्या तोडू नकोस, असं आईलाही सांगून ठेव.

तुझ्या
जीवशास्त्राच्या बाई