वाचकांचे प्रश्न : नाण्यांवरील दोष आणि ठशांतील भेद

प्रश्न : माझ्याजवळील पाच रुपयांच्या जाड, पांढऱ्या नाण्यावर सालाचे आकडे दुहेरी दिसतात. दुसरे एक नाणे उभ्या रेषेवर फिरवले की मागची बाजू उलटी येते. फोर्टमधील एका विक्रेत्याने दोन्हींना ‘टांकसाळीची चूक’ म्हटले. ते मानावे का? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोन्हींची कारणे वेगळी असू शकतात, म्हणून आधी नाणे कसे घडते ते लक्षात घ्यावे. धातूची चकती कापली जाते, पोलादी ठसे तयार केले जातात आणि त्या ठशांच्या दाबाखाली चकतीवर छाप उठवला जातो. समोरचा दोष यांपैकी कोणत्या टप्प्यावर घडला असेल हे सांगता येत नसेल, तर तो बहुधा नाणे टांकसाळीबाहेर पडल्यानंतरचा असतो.

सालाचे आकडे दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, तिरप्या प्रकाशात पाहावेत. मूळ साच्याने ठसा तयार करताना दुसऱ्या दाबाच्या वेळी साचा किंचित सरकला, तर दोन्ही आकृती ठशातच उतरतात. अशा ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच भेद येतो, आकड्यांच्या टोकांशी खाच दिसते, दोन्ही आकृतींना गोलाई असते आणि आकडा एकूण जाड होतो. याउलट छाप उठवताना सैल ठसा हलला, तर आकड्याची एक कड दबून शेजारी सपाट पायरी उरते व आकडा बारीक होतो. ‘डबल डाय’ (म्हणजे ठशातच दुहेरी आकृती असलेली) म्हणून दाखवली जाणारी पुष्कळ नाणी या दुसऱ्या प्रकारची निघतात. संग्राहक त्यांना फारसे मोल देत नाहीत आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

स्वतंत्र भारताची नाणी उभ्या रेषेवर फिरवल्यास दोन्ही बाजू सरळ येतात. त्यामुळे 180 अंशांचा फरक हा ठसा यंत्रात चुकीचा बसल्याचा खरा दोष होय.

सालाखाली टांकसाळीचे चिन्ह नाही, एवढ्यावरून मात्र कोणी दोष सांगू लागल्यास विश्वास ठेवू नये. पत्त्यांतल्या चौकटीसारखे चिन्ह मुंबईचे, तारा हैदराबादचा, बिंदू नोएडाचा. कोलकाता टांकसाळ चिन्हच घालत नाही. कड कापलेले नाणे असेल, तर कापलेल्या भागाच्या बरोबर समोरची कडही पुसट आहे का ते पाहावे, कारण कानशीने घासलेल्या नाण्यात ती ठसठशीतच राहते. ‘लखी’ नाण्यावर एकाच बाजूची आकृती मागे उलटी व खोलगट उमटलेली असते. दोन नाणी एकमेकांवर ठोकून तिची नक्कल केली जाते, पण त्यात दुसरी बाजू चेपटते. लाखो रुपये देण्याच्या जाहिरातींना भुलून आगाऊ शुल्क भरू नये. रिझर्व्ह बँकेच्या नावाने अशी मागणी होत असल्याचा इशारा खुद्द बँकेने 2021 मध्येच दिला आहे.

प्रश्न : घरात 1911 सालचा पंचम जॉर्जचा रुपया सापडला. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो. ही टांकसाळीची चूक आहे का? – एक वाचक, वांद्रे

उत्तर : नाही. तो मूळ कोरीव कामातला प्रकार आहे. त्या वर्षीच्या रुपयांवर हत्ती तसाच आहे. लोकांचा आक्षेप आल्यावर नाणी परत घेण्यात आली आणि 1912 पासून सोंड स्पष्ट दिसेल असा हत्ती कोरला गेला. आपला रुपया 11.66 ग्रॅमच्या आसपास भरतो का ते पाहावे आणि तो घासून चकचकीत करू नये.